दुकानाचा फोन आणि एप्रिलची अफवा

प्रश्न : ताई, माझं वय 49. पुण्यात एका इंजिनिअरिंग कंपनीत आहे. सह्याद्रीत भटकायची जुनी आवड, त्यामुळे कधीतरी रोलेक्सचं एक्सप्लोरर हे घड्याळ घ्यायचं हे मनात पक्कं होतं. अधिकृत दुकानात 36 मिलिमीटर व्यासाच्या मॉडेलसाठी नाव नोंदवलं होतं. परवा तिथून फोन आला, "सर, तुमचं आलंय, रविवारपर्यंत सांगा." आणि नेमकं याच वेळी सगळीकडे चर्चा आहे की एप्रिलमध्ये जिनिव्हाच्या घड्याळ-प्रदर्शनात नवीन एक्सप्लोरर येणार. 38 मिलिमीटर, आत नवीन मशीन, पट्ट्याला नवीन क्लास्प, म्हणजे तो बंद करायची पकड. आता घेतलं आणि एप्रिलमध्ये खरंच नवीन आलं तर मी मूर्ख ठरेन. नाही घेतलं आणि नवीन आलंच नाही तर हातचंही जाईल. 2023 मध्ये एक्सप्लोररला 70 वर्षं होणार म्हणून काहीतरी खास येईल, अशा आशेने आधीही थांबलो होतो. पुढे किंमत वाढतेच, त्यामुळे पैसे वाया जाणार नाहीत हा एक दिलासा. बायको म्हणते, "घे एकदाचं आणि सोडव मला." भाचा दुबईत आहे. तो म्हणतो, "मामा, थांब जरा. नवीन आलं की मी इथून घेतो आणि हातात घालून आणतो." काय करू?
– ‘थांबू की घेऊ’, पुणे

उत्तर : घ्या. एक अट आहे, ती पुढे सांगते.

तुमचं मूळ पत्र बरंच मोठं होतं, इथे छापताना आटोपशीर केलंय. त्यात न आलेल्या घड्याळाचं वर्णन जवळजवळ पानभर होतं. दुकानात तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवलेल्या घड्याळाबद्दल मात्र "तुमचं आलंय" एवढंच, आणि तेही सेल्समनचं वाक्य. 36 तुम्हाला लहान वाटतं का, डायल आवडत नाही का, पट्टा टोचतो का, काहीच नाही. म्हणजे घड्याळाबद्दल तुमची तक्रारच नाही. तुम्हाला भीती वाटतेय ती ‘मूर्ख ठरेन’ याची. तिच्याकडे येऊच, पण आधी अफवेचा हिशोब करू. तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला तो पटेल.

मशीनपासून सुरुवात करते, कारण तिथे आकडे आहेत. रोलेक्सने नवं एस्केपमेंट आणलं 2015 मध्ये. एस्केपमेंट म्हणजे स्प्रिंगमध्ये साठवलेली ताकद ठरावीक मापाने, टिकटिक करत बाहेर सोडणारा भाग. घड्याळ वेळेत चालतं ते त्याच्या जिवावर. या नव्या रचनेला त्यांनी क्रोनर्जी नाव दिलं आणि ती पहिल्यांदा बसवली 3255 क्रमांकाच्या मशीनमध्ये, तीसुद्धा डे-डेट 40 या सोन्या-प्लॅटिनमच्या, त्यांच्या सगळ्यात मानाच्या घड्याळात. मग ती हळूहळू खालच्या पायऱ्या उतरत आली. तारीख नसलेल्या घड्याळांसाठीचं 3230 हे मशीन 2020 मध्ये सबमरिनर या पाणबुड्यांच्या घड्याळात आलं आणि एक्सप्लोररला मिळालं 2021 मध्ये. वरून खाली यायला सहा वर्षं. आता ज्या ‘नव्या मशीन’ची चर्चा तुम्ही ऐकताय, ते बहुतेक रोलेक्सच्याच लँड-ड्वेलर या घड्याळातलं 7135 असणार. ते 2025 मध्ये आलं. त्यात डायनापल्स नावाचं अगदी वेगळं एस्केपमेंट आहे आणि त्याचे ठोके तासाला 36,000 आहेत. तुमच्यासाठी ठेवलेल्या घड्याळाचे 28,800. सुंदर काम आहे, वाद नाही. पण ज्या कंपनीने मागची नवी रचना एक्सप्लोररपर्यंत पोचवायला सहा वर्षं घेतली, ती ही रचना वर्षा-दोन वर्षांत त्यात घालेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. आणि गंमत बघा, 7135 पूर्ण चावी भरल्यावर साधारण 66 तास चालतं. तुमच्या दुकानातलं 3230 चालतं 70 तास. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलंत तर सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना ते चालूच असेल. शनिवार-रविवारी कधी दुसरं घड्याळ घालणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

आता 38 मिलिमीटर. ही अफवा कुठून जन्मली हे समजायला एक्सप्लोररच्या मापांचा इतिहास बघायला हवा. तो इतका विनोदी आहे की मला तो सांगायला नेहमीच आवडतं.

1953 मध्ये एक्सप्लोरर हे नाव आलं. माप 36 मिलिमीटर, त्या काळी पुरुषाच्या मनगटासाठी भरभक्कम. 1960च्या दशकापासून 1989 पर्यंत 1016 क्रमांकाचं एकच मॉडेल चाललं, बाहेरून फारसं काही न बदलता. 1989 मध्ये नीलमणी काच आली, डायल चकचकीत झाली, 3-6-9 हे आकडे रंगवण्याऐवजी पांढऱ्या सोन्याचे करून बसवले; माप तेच 36. मग जग मोठ्या घड्याळांच्या नादी लागलं आणि 2010 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या घड्याळ-प्रदर्शनात रोलेक्सने एक्सप्लोरर 39चं केलं. केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, वाढली, डायल वाढली, काटे मात्र आखूड. मिनिटकाटा कडेच्या खुणांपर्यंत पोचायचाच नाही. एवढ्या नावाजलेल्या कंपनीच्या घड्याळात मोठ्या भावाचा शर्ट घातलेल्या पोरासारखे काटे! लोक हसले, चिडले, तरीही विकत घेत राहिले. कंपनीने काटे लांब केले 2016 मध्ये, आणि त्याच वेळी 3-6-9 अंधारात चमकतील असे केले. म्हणजे काटा जरासा पुढे सरकायला सहा वर्षं लागली. आता सगळं जमून आलं, 39चं एक्सप्लोरर सर्वांना आवडायला लागलं, आणि 2021 मध्ये कंपनीने ते बंद करून पुन्हा 36 आणलं. 39 वाल्यांनी कपाळावर हात मारला. मग 2023 मध्ये 36च्या जोडीला 40 आणलं.

यातला प्रत्येक बदल आदल्या वर्षी कुणी छातीठोकपणे सांगितला असता तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. 39 नीट जमल्यावर 36वर परत जातील, असं कोण म्हणालं असतं? मग 38 आलं कुठून? 36 लहान वाटतं आणि 40 मोठं वाटतं अशी माणसं पुष्कळ आहेत, त्यातली बरीचशी बंद झालेल्या 39वर जीव असलेली. त्यांना मधलं माप हवंय. हवंय, हवंय म्हणता म्हणता ‘येतंय’ झालं. ही इच्छा आहे, बातमी नव्हे. उद्या ती खरीही ठरेल, कंपनीचा काही नेम नाही. पण खरी ठरली तरी अफवेला काही माहीत होतं असं त्यातून सिद्ध होणार नाही.

क्लास्पबद्दल थोडक्यात. सबमरिनरला जी सोय आहे, हत्याराशिवाय पट्टा दोन-दोन मिलिमीटरने सैल-घट्ट करायची, ती एक्सप्लोररला मिळणार म्हणतात. तिन्हींत मला हीच गोष्ट शक्य कोटीतली वाटते. पण आज एक्सप्लोररच्या पट्ट्यात दुमडून ठेवलेली एक कडी असतेच, ती उघडली की पट्टा 5 मिलिमीटर सैल होतो. पुण्याच्या एप्रिलात दुपारी मनगट सुजल्यासारखं होतं, तेव्हा तेवढं पुरतं. फक्त क्लास्पसाठी तुम्ही दुकानाचा फोन नाकारणार असाल तर मग मला काही बोलायचं नाही.

तुम्ही 2023 मध्ये थांबलात, त्याबद्दलही सांगायला हवं, कारण वाढदिवसांचा हा हिशोब दरवर्षी नव्याने मांडला जातो. त्या वर्षी एक्सप्लोररला 70 वर्षं झाली आणि सबमरिनरलाही. सगळ्यांनी सबमरिनरची वाट पाहिली. सबमरिनरला काहीही मिळालं नाही. एक्सप्लोररला 40 हे माप मिळालं, पण डायलवर वर्धापनदिनाचा उल्लेखही नाही. आणि त्याच वर्षी, कुणाच्याही स्वप्नात नसलेलं एक डे-डेट आलं, ज्यात वाराच्या जागी ‘हॅपी’, ‘होप’ असे शब्द आणि तारखेच्या जागी इमोजी. इमोजी! आदल्या वर्षी त्यांनी चावी डाव्या बाजूला असलेलं हिरव्या-काळ्या बेझेलचं (काचेभोवतीच्या कड्याचं) जीएमटी, म्हणजे दुसऱ्या देशाचीही वेळ दाखवणारं घड्याळ, काढलं होतं, तेही कुणाच्या यादीत नव्हतं. 70 हा आकडा गोल आहे म्हणून जिनिव्हातली कंपनी काही करेल, हे आपण ठरवतो. तिला त्याचं काही वाटत नाही.

मग या अफवा बनतात कशा? पेटंटच्या अर्जांवरून, नावांच्या नोंदणीवरून, "अमुक मॉडेल दुकानात येईनासं झालंय" अशा कुजबुजीवरून आणि संगणकावर रंगवलेल्या चित्रांवरून. शेवटचा प्रकार आता इतका सफाईदार झालाय की चित्रातल्या काचेवर बोटाचे ठसेसुद्धा दिसतात. पेटंट घेतलेल्या असंख्य कल्पना कधीच घड्याळात उतरत नाहीत. आणि माल संपल्याच्या कुजबुजीबद्दल तुम्हाला तर हसूच यायला हवं. जे 36 म्हणे बंद होतंय म्हणून मिळत नाही, तेच तुमच्या नावाने दुकानात आलंय.

खरी बातमी फुटते ती वेगळ्या रीतीने. लँड-ड्वेलर जाहीर होण्याच्या थोडे दिवस आधी ते रॉजर फेडररच्या मनगटावर फोटोत दिसलं. दुसऱ्या कंपनीचं उदाहरण द्यायचं तर ओमेगाचं पांढऱ्या डायलचं स्पीडमास्टर नोव्हेंबर 2023 मध्ये नट डॅनियल क्रेगच्या हातात दिसलं आणि मार्च 2024 मध्ये जाहीर झालं. फोटो होता, माणूस होता, घड्याळ होतं. तुमच्या एक्सप्लोररच्या बाबतीत यातलं काय आहे? पत्रात तरी मला सापडलं नाही.

समजा, सगळं खरं निघालं. एप्रिलमध्ये 38 आलं, नवीन मशीन, नवीन क्लास्प. मग तुमचं काय होतं? जिनिव्हात जाहीर झालेलं घड्याळ दुसऱ्या दिवशी पुण्यात येत नाही. भारतात यायला काही महिने, आणि येतं तेव्हा मूठभर. ती मूठ आधी दुकानाच्या जुन्या, मोठ्या गिऱ्हाइकांकडे जाते. तुम्ही त्या दुकानात जन्मात एकच घड्याळ मागितलंत आणि तेही नाकारलंत, तर तुमचं नाव कुठे असेल? तुम्ही एप्रिलची वाट बघत नाही आहात, एप्रिलनंतरच्या पुढच्या रांगेची वाट बघताय. अफवांच्या व्हिडिओत या रांगेबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्यात मजा नाही.

थांबण्याच्या बाजूने एक खरं कारण आहे. ते तुमच्या पत्रात नव्हतं, म्हणून मीच सांगते, नाहीतर हिशोब एकतर्फी होईल. भारत आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड, लिखटेनस्टाइन यांच्यातला व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. त्यात स्विस घड्याळांवरची आयात ड्यूटी एकदम नाही, तर सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायची आहे. म्हणजे दर वर्षी थोडी थोडी. दुसरीकडे, गेली काही वर्षं रोलेक्स जानेवारीत किमती वाढवतं आणि स्विस फ्रँकही स्वस्त होण्याच्या मनःस्थितीत नसतो. कमी झालेल्या ड्यूटीतलं किती गिऱ्हाइकाच्या खिशात राहील हे दुकान ठरवत नाही, कंपनी ठरवते. या कराराच्या भरवशावर दोन महिने थांबण्यात काही अर्थ नाही. सात वर्षं थांबायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तुम्ही 56चे असाल.

‘किंमत वाढतेच’ हा दिलासा मात्र डोक्यातून काढा. 2021-22च्या उन्मादात लोकांनी स्टीलची रोलेक्स दुकानाच्या किमतीच्या कितीतरी पटीने घेतली. 2022च्या वसंतानंतर जुन्या बाजारातले भाव घसरले, आणि ज्यांनी ‘गुंतवणूक’ म्हणून घेतलं होतं त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. दुकानाच्या किमतीला घेतलेलं एक्सप्लोरर अगदी पाण्यात जाणार नाही, एवढं मी म्हणेन. पण विकण्याच्या हिशोबाने घेतलेलं घड्याळ माणूस धड घालत नाही. आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग कपाटात, मग बँकेच्या लॉकरमध्ये. तसं करायचं असेल तर तेवढ्याच पैशांचं सोनं घ्या, त्याला दर दहा वर्षांनी सर्व्हिसिंग लागत नाही.

आता ‘मूर्ख ठरेन’. कुणासमोर? ऑफिसात? एक्सप्लोरर हे रोलेक्समधलं सर्वांत न ओळखलं जाणारं घड्याळ आहे. तुमच्या स्टीलच्या मॉडेलला तारखेवरचं ते भिंग नाही, रंगीत बेझेल नाही, पिवळं सोनं नाही. काळी डायल, तीन आकडे, तीन काटे. तुमच्या शेजारच्या केबिनमधल्या माणसाला ते रोलेक्स आहे हे कळेल की नाही याचीच मला शंका आहे, आणि ते तसं आहे म्हणूनच तुमच्यासारखी माणसं ते निवडतात. 36 आणि 38 मधला फरक ओळखणारा माणूस तुमच्या ओळखीत एकही नसावा. जे ओळखतील ते तेच, ज्यांचे व्हिडिओ तुम्ही रात्री बघता. त्यांच्यासमोर मूर्ख न ठरण्यासाठी इतके लाख राखून ठेवायचे?

आणि ज्यांनी ‘चुकीच्या वेळी’ घेतलं त्यांचं काय झालं, तेही बघा. 2009 मध्ये ज्याने 36चं घेतलं त्याला 2010 मध्ये वाटलं असेल की आपलं जुनं झालं. 2021 मध्ये कंपनीच त्याच्या मापावर परत आली. ज्याने 2020 मध्ये 39चं घेतलं त्याला पुढच्या वर्षी वाटलं असेल की आपलं बंद पडलं. आज त्याच 39च्या मागे लोक आहेत, तुमची 38ची अफवा त्याच्याच आठवणीतून निघाली आहे. बंद पडलेलं एक्सप्लोरर घालून कुणी लाजल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. 1989 साली बंद झालेल्या 1016 साठी तर आज लोक नव्यापेक्षा जास्त पैसे मोजतात.

एव्हरेस्टचं तुम्ही पत्रात भावूक होऊन लिहिलंय, त्यावरही दोन शब्द. 1953च्या मोहिमेला रोलेक्सने घड्याळं दिली होती हे खरं. पण हिलरींकडे स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचंही घड्याळ होतं, आणि 29 मेला शिखरावर कुणाच्या हातात नेमकं काय होतं यावर घड्याळवेडे आजही हमरीतुमरीवर येतात. डायलवरचं नाव त्या मोहिमेच्या प्रसिद्धीवर मोठं झालं, एवढं नक्की. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने चढताना मात्र तुम्हाला हिलरी आठवणार नाहीत, खडकावर घासलं का हेच आठवेल. पहिला ओरखडा लवकर पडू द्या. 100 मीटर पाण्याचं प्रमाणपत्र आहे, केस भक्कम आहे, पावसाळी ट्रेकला ते व्यवस्थित टिकतं. चावी घट्ट फिरवून बंद केलीय एवढं बघायचं.

आता अट. दुकानात जाऊन ते मनगटावर घालून बघा, घाई न करता, आणि आवडलं नाही तर साफ ‘नाही’ म्हणा. तुम्ही रोज 42-44 मिलिमीटरचं स्पोर्ट्स घड्याळ घालता असं लिहिलंय. त्यामुळे 36 पहिल्या क्षणी बायकांचं वाटेल. सगळ्यांना वाटतं. आरशात बघा, हात खाली सोडून बघा, शर्टाची बाही त्यावरून सरकते का ते बघा. काउंटरवर हात टेकवून, नाक खाली करून बघितलं की कुठलंही घड्याळ चुकीचं दिसतं. दहा-पंधरा मिनिटांनीही लहानच वाटलं तर त्यांना 40चं दाखवायला सांगा. तयार नसेल तर त्यासाठी नाव द्या. ते 2023 पासून बाजारात आहे, त्याला कुठल्या अफवेची गरज नाही. 40ही मोठं वाटलं आणि तुमचं मन खरोखर मधल्या मापावरच असेल, तर जुन्या बाजारात 2016 नंतरचं, लांब काट्यांचं 39 शोधा, तेही कंपनीच्या प्रमाणित सेकंडहँड विभागातून किंवा भरवशाच्या माणसाकडून. म्हणजे तुमच्या तिन्ही मापांची सोय आजच आहे.

बायकोबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, तेही विनोद म्हणून. मला ते परवानगीसारखं वाटलं नाही, थकल्यासारखं वाटलं. "घे" पेक्षा त्यात "सोडव" हा भाग मोठा आहे. जेवण झाल्यावर तुम्ही टॅबलेट घेऊन बसता आणि कुणी अमेरिकन माणूस 38 मिलिमीटरवर तासभर बोलत असतो, हे तिने किती संध्याकाळी ऐकलं असेल? तिला दुकानात बरोबर घेऊन जा. घड्याळ तुमच्या हातात कसं दिसतं हे तुमच्यापेक्षा ती चटकन सांगेल. आणि जाताना रस्त्यात एप्रिलचा विषय काढू नका.

भाच्याला आजच कळवा की नको. दुबईतही हवी ती रोलेक्स काउंटरवर पडलेली नसते, तिथेही नावं आणि रांगा आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, विमानतळावर ‘हातात घातलंय’ ही सूट नाही. परदेशात नव्याने घेतलेलं, ठरलेल्या मर्यादेच्या कितीतरी वरचं घड्याळ आणलं तर ते रेड चॅनेलला जाहीर करायचं आणि ड्यूटी भरायची असते. नाही केलं तर जप्ती, दंड आणि मामासाठी हौसेने काम करणाऱ्या पोराच्या डोक्याला ताप. ड्यूटी रीतसर भरून आणलं तर पुण्यातल्या किमतीच्या तुलनेत उरणारा फायदा बघून तुम्ही दोघेही हसाल. त्याला सांगा, खजूर आण.

रविवारची मुदत आहे, तर शनिवारी सकाळी जा, दुपारी गर्दी होते. पॅन कार्ड लागेल, दोन लाखांच्या वरच्या खरेदीला ते द्यावंच लागतं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख चालत नाही, त्यामुळे बँकेची मर्यादा आदल्या दिवशी वाढवून ठेवा, नाहीतर तिथे उभं राहून ओटीपीची वाट बघाल. दहा लाखांवरच्या घड्याळांवर 2025 पासून 1 टक्का टीसीएस, म्हणजे दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून घ्यायचा आगाऊ आयकर, घेतात, तुमचं स्टीलचं एक्सप्लोरर त्याच्या खाली आहे. "याच्याबरोबर आणखी काही घ्या" असं सुचवलं तर हसून विषय बदला. वॉरंटी कार्डवरची तारीख आणि क्रमांक तिथेच तपासा, पाच वर्षांची वॉरंटी त्या तारखेपासून सुरू होते. पट्टा तिथेच मापाचा करून घ्या, संध्याकाळी मनगट थोडं फुगतं हे धरून. काढलेल्या कड्या आठवणीने मागून घ्या आणि डब्यात ठेवा. वजन बदललं की त्या लागतात, आणि नेमक्या त्याच लोक दुकानात विसरून येतात.